गोविंदपंतांची डोण

ज्या माणसानं जन्मात मासा तोंडात घातला नाही, त्यानं आमच्या आळीतल्या तळ्यात मासे परत आणले. ही गोष्ट कल्याणात आता कोणी सांगत नाही. तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायका ते मासे बघतात, पोरं चुरमुरे टाकतात, आणि मासे पहिल्यापासून इथेच होते असं सगळ्यांना वाटतं. ते पहिल्यापासून नव्हते. कसे आले ते मी परसातल्या भिंतीपलीकडून पाहिलं आहे, म्हणून लिहून ठेवते.

गोविंदपंत आमचे शेजारी. त्यांचं परस आणि आमचं परस यांच्यामध्ये छातीएवढी भिंत. ते ब्राह्मण, आम्ही प्रभू. त्यांच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा बंद, आमच्याकडे मासळीवाचून जेवण अळणी. तरी शेजार चांगला होता, कारण कोणी कोणाच्या चुलीत डोकावत नव्हतं. माझे यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला होते. पंतांनी कचेरीत कारकुनी केली होती आणि आता पेन्शन घेऊन घरी बसले होते. बायको कधीच वारली होती. घरात ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण, आक्का. एकच मुलगी यमुना, ती ठाण्यास दिलेली.

पंत उंच आणि काटकुळे. कुठेही जाताना मान खाली घालून चालत, जणू जगातल्या सगळ्या चौकटी त्यांच्या उंचीपेक्षा बुटक्या आहेत. बोलायच्या आधी गळ्यातलं उपरणं दोन्ही बाजूंनी सारखं करीत. आणि परसात मी असले की एकदम हाक मारीत नसत. हातातला पितळी तांब्या भिंतीच्या दगडावर वाजवीत, टण टण, आणि मी "काय पंत?" म्हटलं की मग बोलत. बायकामाणूस दचकू नये म्हणून ही रीत. इतक्या वर्षांत त्यांनी ती एकदाही मोडली नाही.

एका वर्षी पाऊस बुडाला आणि तळं तळापर्यंत आटलं. चिखलात मासे तडफडू लागले तेव्हा आळीतल्या खाणाऱ्या घरांनी टोपल्या भरून नेले. आम्हीही नेले. पुढच्या पावसात तळं भरलं, पण पाणी मेलेलंच राहिलं. वर हिरवी साय, खाली डासांच्या अळ्या. पंत रोज संध्येला तळ्याच्या पायरीवर बसत. एक दिवस भिंतीवर तांब्या वाजला.

"वहिनी, तळ्यात कोणी राहत नाही हो."

"बेडूक आहेत की."

"बेडूक भाडेकरू. मी घरच्यांबद्दल बोलतोय."

नोकरीत असताना ते एका साहेबाबरोबर गावोगाव हिंडले होते. त्या साहेबाला तळ्यांतल्या माशांची चौकशी करायचा नाद होता, आणि विचारायचं काम पंतांचं. तेव्हा त्यांनी पाहिलं होतं की पावसात मासे पाण्याबरोबर भातखाचरांत चढतात, तिथे पिल्लं होतात, आणि आश्विनात खाचरं आटली की ती चिखलात मरतात. ती आणून वाढवली आणि तळ्यात सोडली तर? कोणाचं नुकसान नाही, पैसा लागत नाही. मी म्हटलं, करा. रिकाम्या माणसाला काहीतरी काम असलेलं बरं.

पहिली पिल्लं त्यांनी चिंच लावून लख्ख घासलेल्या तांब्याच्या घंगाळात ठेवली. ती सकाळपर्यंत सगळी मेली. मग विहिरीजवळची दगडी डोण साफ केली. पूर्वी ती गुरांच्या पाण्याची होती, गुरं गेल्यापासून रिकामी होती. दुसऱ्या खेपेची पिल्लं तिच्यात जगली. जिऱ्याच्या दाण्याहून थोडी मोठी, नुसते डोळे आणि शेपटी.

आता त्यांना खायला काय? पंतांनी मऊ भात कुस्करून घातला. कणकेचे बारीक गोळे घातले. एकादशीला मी बघते तर डोणीत राजगिरा.

"पंत, मासे एकादशी करतात?"

"घरात राहील त्यानं घरचं पाळावं," ते म्हणाले. त्यांचं हे वाक्य जुनं होतं. यमुना लहानपणी कारलं टाकून उठायची तेव्हा मी ते भिंतीपलीकडून पुष्कळदा ऐकलं होतं.

पिल्लं जगली, पण वाढेनात. डोकी मोठी आणि अंगं काडीसारखी. रोज सकाळी दोन-चार उताणी तरंगायची. पंत ती मोगऱ्याच्या मुळाशी पुरायचे. पण त्या सगळ्यांत एक पिल्लू असं वाढलं की विचारू नका. बाकीची जिऱ्याएवढी आणि हे करंगळीएवढं. पंतांनी मला कौतुकानं बोलावलं. "बघा वहिनी, अन्न तेच. पण ज्याला अंगी लावून घ्यायचं आहे तो घेतो."

मी भिंतीवरून वाकून पाहिलं. लांबट अंग, सापासारखं डोकं.

"पंत, ही मरळ आहे."

"असेल. हुशार आहे."

"हिला तुमची कणिक लागलेली नाही. हिला हिच्या सोबतीची पिल्लं लागलीत."

मासा खाणाऱ्या घरात पाच वर्षांच्या पोरीलाही मरळ ओळखता येते. पंतांना कुठून येणार? ते कितीतरी वेळ डोणीशी उकिडवे बसून राहिले. मला वाटलं, आता हे मला दोष देतील नाहीतर नशिबाला. त्यांनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "म्हणजे डोण तीच, पाणी तेच. हिनं मांस खाल्लं आणि ही वाढली. बाकीच्यांनी माझं खाल्लं आणि ती मेली. चूक माझ्या ताटात आहे." मग त्यांनी मरळ तांब्यात घेतली आणि खाडीत नेऊन सोडली.

पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. आधी त्यांनी आडवाटा शोधल्या. डाळीचं पीठ घातलं. तिळाची पेंड भिजवून घातली. दूधही शेवटी जनावराचंच की, म्हणून चक्का करून घातला. त्या दिवसांत पंत आणि आक्का ताकावर जेवत आणि मासे चक्क्यावर. डाळ-पेंडीनं पिल्लांनी थोडी उचल खाल्ली, चक्क्यानं पाणी आंबलं. मोगऱ्याच्या मुळाशी जागा उरेना.

मग एके दुपारी भिंतीवर तांब्या वाजला, पण नेहमीपेक्षा हळू.

"वहिनी, तुमच्याकडे सुका जवळा असतो ना?"

"असतो."

"त्यात काटे फार?"

"कोलंबीचं पोर ते. कुटलं की पीठ."

त्यांनी तीन बोटांनी चिमूट दाखवली आणि मान दुसरीकडे वळवली. मी वाटीभर दिला. दोन दिवसांनी मरणं थांबली. आठवड्यानं पिल्लांच्या पाठी भरलेल्या दिसू लागल्या.

आमच्याकडे खाडीवरून हौसा कोळीण येई. माझ्याकडचा जवळा अचानक वाढलेला तिच्या लक्षात आला. पंत त्याच वेळी आपल्या परसात तुळशीला पाणी घालीत असत, आणि त्या दिवसांत तुळशीला पाणी फार होत असे.

"बाय, सुकाट नेतेस तू आन नजर खाली पंतांची. खरा खातो कोन?"

"त्यांचे मासे खातात."

"मासलीला मासली? आन बामन भरवतो?" तिनं पाटी उतरवून ठेवली आणि पोट धरून हसली. "आमच्या बापानं आमाला कदी असा भरवला नाय."

पंत भिंतीपाशी आले. "बाई, याला मीठ लावता का? मिठानं त्यांना बाधेल."

"बिनमिठाचा देते. चव बगून घ्या ना."

"नको," पंत अगदी गंभीरपणे म्हणाले. "तुमच्या शब्दावर घेतो."

कुटायचं काम आमच्या परसात, आमच्या लोखंडी खलबत्त्यात. नाकाला उपरणं बांधून, तोंड फिरवून ते कुटीत. मग मलमलीतून चाळीत, कोंडा आणि पेंड मिसळीत, लिंबोळीएवढ्या गोळ्या करीत आणि मातीच्या परळात घालून परळ डोणीत सोडीत. एकदम घालायचं नाही, दिवसभर थोडं थोडं. जास्त पडलं तर पाणी कुजतं, कमी पडलं तर पिल्लं एकमेकांच्या शेपट्या तोडतात. परळ सोडताना ते डोणीच्या काठावर तांब्या वाजवीत. पिल्लं टणत्काराला गोळा होऊ लागली. आणि दर खेपेला विहिरीवर आंघोळ. कार्तिकाच्या थंडीत तो माणूस दिवसभर ओला असे.

"मोठे झाले की नुसत्या कोंड्यावर राहतील," ते मला सांगत. "हे आत्तापुरतंच. पण आत्ता जे लागतं ते आत्ताच लागतं, वहिनी. मागाहून डोंगर घातला तरी भरून येत नाही."

आक्कांपासून हे किती दिवस लपणार? त्यांनी भांडण केलं नाही. गाठोडं बांधलं आणि ओटीवर येऊन उभ्या राहिल्या. "घरात राहील त्यानं घरचं पाळावं, हे तूच म्हणतोस ना गोविंदा? हे घरचं असेल तर माझ्यानं पाळवत नाही. मी दिराकडे जाते." पंतांनी त्यांना स्टेशनावर पोचवलं, गाडीत बसवलं, आणि परत येऊन परळ सोडला. तेव्हापासून ते हातानं भात शिजवून खाऊ लागले. मी भाजी देऊ शकत नव्हते. आमच्या घरचं त्यांना चालत नव्हतं. त्यांच्या घरचं आता त्यांच्या माणसांनाही चालत नव्हतं.

खरी अडचण पुढे होती. यमुनेला पहिल्यांदाच दिवस गेले होते आणि ती बाळंतपणाला माहेरी यायची होती. पंतांनी माजघराला चुना दिला होता. माळ्यावरचा पाळणा उतरवून त्याच्या कड्यांना तेल घातलं होतं.

मी परसात डाळ वाळत घालीत होते तेव्हा ठाण्याचे व्याही आले. पंतांच्या ओटीवरचं बोलणं परसापर्यंत स्वच्छ येई.

"गोविंदपंत, आमच्याकडे लोक काय बोलतात ठाऊक आहे? तुमचा व्याही कोळ्याचा धंदा करतो."

"धंदा नाही. एकही विकायचा नाही."

"विकला असता तर निदान काही कारण सांगता आलं असतं. सोडा ते सगळं तळ्यात, आजच्या आज. पंचगव्य घ्या, आक्कांना परत आणा. मी उद्या यमुनेला आणून पोचवतो. माझ्या मनात दुसरं काही नाही."

"आज सोडले तर जगायचे नाहीत. बोटाच्या पेराएवढे आहेत. तळ्यात बगळे, पाणसाप. आणि त्या पाण्यात त्यांच्या तोंडी लागेल असं काही नाही. माघापर्यंत थांबा. तोवर वीतभर होतील, मग मी जवळ्याला शिवणार नाही."

"मुलीचे दिवस पौषात भरतात. ती थांबेल?"

मग व्याह्यांच्या वहाणा वाजल्या. त्यांच्यापुढे ठेवलेला पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पंतांनी तसाच आत नेला.

मी संध्याकाळी विचारलं, "डोण सोडून पिल्लं माझ्या परसात आणली तर? मी घालीन."

"दिवसभर, वहिनी? घर टाकून?"

मला ते जमलं नसतं, आणि जमेल असं मी खोटं म्हटलं नाही. माझ्या घरी जेवणारी सात माणसं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळ्यावर धुणं घेऊन गेले तेव्हा पंत सगळ्यात खालच्या पायरीवर बसले होते. मांडीवर मातीचा डेरा, डेऱ्यात पिल्लं. त्यांनी डेरा पाण्याकडे कलता केला. पुन्हा सरळ केला. पुन्हा कलता केला. नकळत त्यांच्या बोटातली अंगठी डेऱ्यावर वाजली, आणि सगळी पिल्लं तोंडं वर करून काठाशी गोळा झाली.

"खायला मागतायत," ते म्हणाले. डेरा उचलला आणि घरी गेले.

मी त्यांच्या मागोमाग जाऊन स्पष्ट सांगितलं. मी असते तर सोडले असते. पोटच्या पोरीपुढे मासे काय? पुढल्या आश्विनात पुन्हा खाचरं आटतील, पुन्हा पिल्लं मिळतील.

"ती दुसरी असतील," पंत म्हणाले. "यांना मी एकदा उपाशी मारलंय, माझ्या सोवळ्यासाठी. जी उरली त्यांना पुन्हा त्याचसाठी मारू?"

"आणि यमू?"

त्यांनी उपरणं सारखं केलं. मग परळ घेऊन डोणीकडे वळले.

माझं मत अजून तेच आहे. फक्त इतकं म्हणते की तो माणूस हट्टानं वागला नाही. हट्टी माणूस रात्री झोपतो तरी.

यमुना पौषात ठाण्यासच बाळंत झाली. बारशाचं बोलावणं आलं, पण ते ओटीपुरतं. पंत कोरं धोतर नेसून, सोन्याची इवली मनगटी घेऊन गाडीनं गेले. माशांचं त्या दिवशी मी पाहिलं. परतल्यावर भिंतीवर तांब्या वाजला.

"काय पंत?"

"मुलगी आहे. गोरी आहे. लांबून पाहिली."

"आणि यमू?"

"आतून बोलली. आवाज बरा होता." मग विचारलं, "दुपारचा परळ सोडलात ना?"

माघात मासे वीतभर झाले. पंतांनी ते घागरीघागरीनं नेऊन तळ्यात सोडले. पूजा नाही, नारळ नाही. हौसा तेवढी बघायला आली होती.

"पंत, तुमी खानार नाय. मंग खानार कोन?"

"राहतील."

"नुसते?"

"नुसते."

तिनं थोडा विचार केला. "बरं. दोन वर्सं आमच्या मानसांचा जाल हितं पडनार नाय. कोन आला तर माजं नाव सांगा." आणि तिनं शब्द पाळला.

पुढे पंतांनी प्रायश्चित्त घेतलं. माजघराला पुन्हा चुना दिला. जातीतल्या पंगतीला त्यांना बोलावणं येऊ लागलं, पान शेवटचं असे, पण असे. आक्का दिराकडे रुळल्या होत्या. ठाण्याहून मात्र काही ना काही कारण निघे. एकदा मुलीला ताप, एकदा सासूचं व्रत, एकदा गाडीची दगदग. ठाणं काही काशी नव्हे. सकाळी निघालं तर दुपारी जेवायला परत येता येतं. कारणं लांबची होती.

तळ्याचं पाणी दोन वर्षांत निवळलं. हिरवी साय गेली. मासे हातभर झाले, आणि पायरीवर तांब्या वाजला की पाण्यात ओळी उठत येताना दिसत. पंत त्यांना मूठभर कोंडा घालीत. आता नुसता कोंडा पुरे होता.

मग माझ्या यजमानांची बदली इगतपुरीला झाली. सामान बैलगाडीत चढलं तेव्हा भिंतीवर तांब्या वाजला. मी परसात गेले. पंतांच्या हातात माझा खलबत्ता. आक्का गेल्यावर कुटणं त्यांच्या परसात गेलं होतं, आणि तो त्यांच्याकडेच राहिला आहे हे मी विसरूनच गेले होते. राखेनं घासून घासून लोखंड चांदीसारखं झालं होतं.

"बघा बरं," ते म्हणाले, "वास येतो का?"

मी नाक लावून पाहिलं. "काहीसुद्धा नाही."

"तुम्हाला यायचा नाहीच," ते म्हणाले. "तुम्ही खाता." आणि ते हसले. मीही हसले. त्यांच्या मागे माजघराचं दार उघडं होतं आणि आत पाळणा दिसत होता. त्यावर धूळ नव्हती.

आमची गाडी तळ्यावरून निघाली. मी मागे तोंड करून बसले होते, मांडीवर खलबत्ता. नाक्यावरच्या बाईनं काहीतरी विचारलं म्हणून मी तिकडे वळले, आणि तेवढ्यात दगडावर तांब्या वाजला, टण टण.

"काय पंत?" मी सवयीनं म्हटलं.

पण ते माझ्याकडे बघत नव्हते. खालच्या पायरीवर वाकून बसले होते, आणि पाण्यातून ओळी उठत त्यांच्याकडे येत होत्या.